कॉलेजच्या फीसाठीं शेत विकावें काय?



गेल्या जून महिन्यांतली गोष्ट आहे. पाऊस नुकता धरला होता व राबांत भाताचीं रोपें वर आलीं होतीं. आमच्या गांवचा एक शेतकरी संध्याकाळीं शाळेच्या ओट्यावर येऊन बसला. त्याच्या एका हातांत मुलाची बारावीची गुणपत्रिका होती व दुसऱ्या हातांत सातबाऱ्याचा उतारा. तो म्हणाला, “गुरुजी, रस्त्याकडचे चार गुंठे मागायला दलाल रोज घरीं येतोय. दिले तर पोराच्या इंजिनेरीच्या चारी वर्षांची फी निघते. देऊं का?”

मीं त्यास “उद्यां सांगतों” म्हणून परत पाठविलें. गांवच्या मास्तराला असा सल्ला विचारला, कीं पूर्वी तो फुशारून जाई. मला मात्र त्या रात्रीं झोंप आली नाहीं. हा प्रश्न त्या एकट्याचा नव्हे. मुरबाडपासून भिवंडीपर्यंत आणि शहापुरापासून दिव्यापर्यंत ज्या ज्या घरांत पोर बारावी झालें आहे, त्या त्या घरांत जून-जुलैंत हाच प्रश्न चुलीपुढें बसलेला असतो. म्हणून त्या शेतकऱ्यास जें सांगितलें, तेंच जरा विस्तारानें आपणां सर्वांपुढें मांडतों.

प्रथम माझा स्वतःचा अपराध सांगतों. कारण ज्यानें एकदां चुकीचा सल्ला दिला आहे, त्याचा दुसरा सल्ला ऐकणारानें तपासून घ्यावा हें बरें. मी बारावीनंतर मराठी अध्यापक विद्यालयांत दोन वर्षें काढून २००१ सालीं डी. एड. झालों. सरकारनें शिक्षणसेवकाची योजना २००० सालीं काढली होती. महिना ३ हजार रुपयांवर तीन वर्षें राबायचें व मग कायम व्हायचें. मी तसा राबलों व कायम झालों. बापानें आवणीच्या चिखलांत कंबर मोडली होती, त्याच्या पोराला दरमहा पगार येऊं लागला, हें साऱ्या पंचक्रोशीनें पाहिलें. मग ज्याच्या त्याच्या तोंडीं डी. एड. झालें! डी. एड. चीं विद्यालयें पावसाळ्यांतल्या अळंब्यांसारखीं उगवलीं. मीही वर्गांतल्या हुषार पोरांना सांगत सुटलों, “डी. एड. करा, दोन वर्षांत चिकटाल.” माझ्या शब्दावर आठ-दहा पोरांनीं तें केलें. कोणाच्या आईनें गळ्यांतली सोन्याची पोत मोडली, कोणाच्या बापानें बैलजोडी विकली.

पुढें काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. भरती आटली. २०१३ पासून टी. ई. टी. ची परीक्षा आली. मागें जीं विद्यालयें देणगी घेऊन पोरें भरीत होतीं, तीं एकामागून एक कुलुपें लावूं लागलीं. माझ्या त्या आठ-दहांपैकीं दोघे शिक्षक झाले. एक भिवंडीच्या गोदामांत माल मोजतो, एक रिक्षा हांकतो. एक मुलगी घरच्या ओटीवर शिकवणी घेते. मला ती परवां बाजारांत भेटली व नेहमीप्रमाणें पायां पडली. एक शब्द वांकडा बोलली नाहीं. तिनें मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरें वाटलें असतें! दैवाचा न्याय असा, कीं १ सप्टेंबर २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला, कीं ज्या शिक्षकांच्या सेवेचीं पांच वर्षांहून अधिक वर्षें उरलीं आहेत, त्यांनींही दोन वर्षांत टी. ई. टी. उत्तीर्ण व्हावें. तेव्हां पंचेचाळिशी उलटल्यावर मीही रात्रीं पुस्तक घेऊन बसूं लागलों. माझी बायको हंसते व म्हणते, “आतां कळलें पोरांना कसें वाटतें तें.”

या गोष्टीचें तात्पर्य “शिकूं नका” असें कोणी काढील तर तें मात्र साफ खोटें आहे. हल्लीं एक नवी टूम निघाली आहे. मोठमोठे लोक सभेंत सांगतात, कीं पदवीला आतां किंमत उरली नाहीं, कॉलेज म्हणजे वेळेचा नाश, हातांत कसब असलें म्हणजे झालें. बंधूंनो, असें सांगणाराला एकच प्रश्न विचारा : “साहेब, आपलीं मुलें कोठें आहेत?” तीं कॉलेजांतच असतात, नाहींतर परदेशांत. ज्यांच्या घरांत तीन पिढ्या पदवीच्या चौकटी भिंतीवर टांगलेल्या आहेत, त्यांना पदवी फुकाची वाटणें साहजिक आहे. पोट भरलेल्यानें उपासाचें माहात्म्य सांगावें तसेंच हें. ज्यांच्या घरीं अजून पहिली पदवी यायची आहे, त्यांनीं या बोलण्यावर मान डोलवूं नये.

महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर शिक्षण मंडळापुढें निवेदन केलें. त्यांत त्यांनीं दाखवून दिलें, कीं सरकारी तिजोरी भरते ती मुख्यतः रयतेच्या घामानें, पण तिच्यांतून शिक्षणावर होणाऱ्या खर्चाचा मोठा लाभ वरच्या थरांतल्या थोड्यांनाच मिळतो. वरच्यांना शिकविलें म्हणजे विद्या आपोआप खालीं झिरपेल हा सिद्धांत त्यांनीं खोडून काढला व बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा अशी मागणी केली. म्हणजे त्या वेळींही वाद “शिक्षण हवें कीं नको” हा नव्हता. पैसा कोणाचा आणि शिकतो कोण, हा होता. आजही वाद तोच आहे.

जोतीरावांच्या मागून आलेल्या थोर पुरुषांनीं काय केलें पहा. शाहू महाराजांनीं १९०१ सालीं कोल्हापुरांत मराठा विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृह काढलें, पुढें जातीजातींच्या मुलांसाठीं वसतिगृहांची रांगच उभी केली व १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली व पोरांना श्रम करून शिकण्याची वाट दाखविली. सातारचें शिवाजी कॉलेज १९४७ सालीं त्याच वाटेवर उभें राहिलें. डॉ. आंबेडकरांनीं सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ सालीं अमेरिका गांठली व परत येऊन १९४६ सालीं मुंबईंत सिद्धार्थ कॉलेज काढलें. यांतल्या एकानेंही गरिबाला “पोराच्या शिक्षणासाठीं शेत वीक” असें सांगितलें नाहीं. आणि “शिकूं नको” असेंही सांगितलें नाहीं. शिक्षण महाग होतें तें त्यांनीं स्वस्त केलें. माझें सारें म्हणणें या दोन वाक्यांत आहे. कॉलेज सोडूं नका. पण शेत विकून पदवी घेऊं नका.

आतां आपल्या जिल्ह्याची स्थिति पहा. आमच्या बापांच्या काळीं सातवी-दहावी झालेला पोर अंबरनाथ, डोंबिवली, शहाड, वागळे इस्टेट, ठाणें-बेलापूर पट्टा यांतल्या एखाद्या कारखान्याच्या फाटकाशीं उभा राही व कांहीं दिवसांत कामाला लागे. सकाळीं पाळी, संध्याकाळीं शेत, असा दुहेरी संसार चाले. तो काळ गेला. मोहोन्याची एन. आर. सी. २००९ सालीं बंद पडली. ठाण्यांत जेथें भोंगे वाजत, तेथें कितीएक ठिकाणीं आज उंच इमारती व बाजार उभे आहेत. दहावीवरची कायम नोकरी गेली, म्हणून लोक बारावीकडे व बारावीवरून पदवीकडे धांवले. धांवणारे वाढले, जागा वाढल्या नाहींत. २०२४ सालीं राज्यांत पोलिसभरती झाली. जागा सुमारे १७ हजार व अर्ज १७ लाखांवर! शिपायाला बारावी पुरते. पण पावसांत पहांटे मैदानावर धांवणाऱ्या त्या रांगेंत पदवीधर होते, इंजिनियरही होते.

या धांवपळीचा फायदा कोणी घेतला? सरकारनें १९८३ सालीं विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्यामुळें जागा वाढल्या व खेड्यांतलीं कांहीं मुलें इंजिनियर झालीं, हें कबूल केलें पाहिजे. पण त्याचबरोबर फीचा भार बापाच्या डोक्यावर आला. ज्या कॉलेजला सरकारी अनुदान आहे, तेथें बी. ए., बी. कॉम., बी. एस्सी. चें वर्ष कांहीं हजारांत होतें. त्याच इमारतींत, त्याच बांकांवर, दुसऱ्या नांवाचा विनाअनुदानित वर्ग भरतो व त्याची फी कितीतरी पट असते. खाजगी इंजिनियरिंगची फी कितीएक ठिकाणीं लाखाच्या वर, आणि तीही दर वर्षाला. जून आला, कीं रस्त्यारस्त्यावर फलक लागतात : “शंभर टक्के नोकरी.” शंभर टक्के तर मरणाशिवाय कशाचीच हमी कोणी देऊं शकत नाहीं!

माझ्या ओळखीच्या एका बापानें अशाच एका फलकावर विश्वास ठेवून जमीन विकली. कॉलेजचें नांव येथें सांगत नाहीं, कारण दोष एकट्या त्याचा नाहीं. पोरगा गणितांत कच्चा होता. इंग्रजींतलें व्याख्यान त्याच्या डोक्यावरून जाई. दुसऱ्या वर्षाचे विषय राहिले ते तिसऱ्यांत आले, तिसऱ्याचे चौथ्यांत. चार वर्षांची पदवी सहा वर्षांत झाली. आज तो गोदामांत काम करतो व शेजारच्या बारावी नापासाइतकेंच मिळवितो. काम हलकें आहे असें मी म्हणत नाहीं. कोणतेंही कष्टाचें काम हलकें नाहीं. पण तें काम त्याला सहा वर्षें आधीं, शेत राखून मिळालें असतें.

शेत नको विकायला, कर्ज काढूं, असें कोणी म्हणेल. तर तोही हिशेब पाटीवर मांडूं. ४ लाख रुपये कर्ज, व्याज शेंकडा १०, फेड पांच वर्षांत. हप्ता दरमहा सुमारे साडेआठ हजार बसतो व ४ लाखांचे ५ लाख १० हजार भरावे लागतात. शिक्षण चालूं असतांना व्याज सांचलें तर तें वेगळें. पोराला पंचवीस हजारांची नोकरी लागली तर ओढाताण करून फेड होईल. पंधरा हजारांची लागली तर अर्ध्याहून अधिक पगार बँकेचा. तेव्हां “कर्ज मिळतें का” हा पहिला प्रश्न नव्हे. “फेडील कोण व कशांतून” हा पहिला. तरीही शेत विकण्यापेक्षां कर्ज बरें, कारण कर्ज एक दिवस फिटतें.

गेलेलें शेत मात्र परत येत नाहीं. आणि यांत एक कायद्याची मेख आहे, ती पुष्कळांना ठाऊक नसते. १९४८ च्या कूळकायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणें जो शेतकरी नाहीं, त्याला आपल्याकडे परवानगीवांचून शेतजमीन घेतां येत नाहीं. शेवटचा सातबारा नांवावरून गेला, कीं आपण शेतकरी आहोंत हें सिद्ध करणें पुढच्या पिढीला जड जातें. म्हणजे चार गुंठ्यांबरोबर नातवाचा शेतकरीपणाही विकला जातो. दलाल हें सांगत नाहीं. तो फक्त भाव सांगतो.

मग शिकावें कशासाठीं, असें कोणी विचारील. नोकरीसाठीं शिकावें यांत लाज नाहीं. पोट कोणाला सुटलें आहे? पण विद्येचा दुसरा उपयोग आपल्या भागानें डोळ्यांनीं पाहिला आहे. १९७० सालापासून नव्या मुंबईसाठीं ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतल्या ९५ गांवांच्या जमिनी सरकारनें घ्यायला काढल्या. जमीन देणारे बहुतेक अडाणी. नोटीस आली तर ती वाचायला दुसऱ्याच्या दारीं जावें लागे. त्या लोकांसाठीं जासईच्या शेतकरी घरांतले वकील दि. बा. पाटील उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्यें जासईच्या बाजूस आंदोलन झालें, गोळीबार झाला व पांच जणांनीं प्राण दिले. त्या लढ्यांतून साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याचें तत्त्व आलें. लढणारी छाती शेतकऱ्यांची होतीच. पण कायद्याचें कलम वाचणारा डोळाही शेतकऱ्याच्याच घरांतला होता, म्हणून एवढें पदरांत पडलें. एका घरानें एक पोर वकील केलें, त्याचें पीक ९५ गांवांनीं खाल्लें. हा हिशेब कोणत्या वहींत मांडाल?

म्हणून “शेतकऱ्याच्या व सुताराच्या पोरांनीं आपलें आय. टी. आय. करावें, डॉक्टर-वकील-प्राध्यापक व्हायला इतर लोक आहेत” असा जो गोड उपदेश होतो, त्यापासून सावध राहा. हातचें कसब थोर आहे, पण तें आमच्याच वाट्याला कायमचें लिहून ठेवण्याचा अधिकार कोणाला नाहीं. चढायला पायऱ्या हव्यात आणि त्या वरपर्यंत गेल्या पाहिजेत.

सुदैवानें तशा पायऱ्या आहेत. आपल्याला त्यांची माहिती नसते, एवढेंच. दहावीनंतर सरकारी आय. टी. आय. मध्यें फी नांवाला असते. दोन वर्षांचा धंदा शिकून उत्तीर्ण झालेल्या मुलाला पुढें पदविकेच्या म्हणजे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळूं शकतो, व डिप्लोमा झालेल्याला इंजिनियरिंग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. दरम्यान १९६१ च्या कायद्याप्रमाणें कारखान्यांत किंवा रेल्वेंत शिकाऊ उमेदवार म्हणून काम करतां येतें, व त्यास विद्यावेतन मिळतें; २०१९ च्या नियमांनीं तें किमान ५ हजारांपासून ठरविलें. ज्याला कमावतां कमावतां बी. ए. व्हायचें आहे, त्याच्यासाठीं १९८९ सालीं नाशिकचें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालें आहे. आमच्या गांवच्या एका सुताराच्या मुलानें हीच वाट धरली. आय. टी. आय. ला वीजतंत्री झाला, रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारी केली, नोकरी करीत डिप्लोमा केला. आज त्याच्या हाताखालीं चार माणसें आहेत. त्याच्या बापाचा रंधा अजून पडवींत टांगलेला आहे व पोरगा तो पाहुण्यांना अभिमानानें दाखवितो. ज्या शिक्षणानें पोराला बापाच्या अवजाराची लाज वाटते, तें कितीही महाग असलें तरी खोटें.

ज्याला कॉलेजांतच जायचें आहे, त्यानें प्रथम अनुदानित वर्ग पाहावा. आसनगांव, वासिंद, टिटवाळा येथून विद्यार्थी-पासावर गाडींत बसलें, कीं कल्याण-ठाण्याचीं कॉलेजें गांठतां येतात. खोली-खानावळीचा खर्च वांचतो. मागासवर्गीय, इतर मागासवर्गीय व आर्थिक दुर्बल घटकांसाठीं सरकारच्या शिष्यवृत्त्या व फीमाफी आहे. घर सोडून राहणाऱ्या अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व मजुरांच्या मुलांसाठीं पंजाबराव देशमुखांच्या नांवानें निर्वाहभत्त्याची योजना आहे. पण हे पैसे आपोआप दारीं येत नाहींत. त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो, जातीचा दाखला लागतो, कोठें नॉन-क्रीमी लेयर तर कोठें पडताळणीचें प्रमाणपत्र. आपण हे कागद जुलैंत काढायला धांवतों, तेव्हां तहसील कचेरींत रांग लागलेली असते व मुदत टळते. हे कागद दिवाळीनंतरच, पोर बारावींत असतांना काढून ठेवावे. शिवाय शिष्यवृत्ति उशिरां जमा होते; तोंवर कॉलेज फीसाठीं तगादा लावतें. कोणाला किती भरणें प्राप्त आहे याचा सरकारी कागद मागून घ्यावा व तो वाचल्याशिवाय पैसे देऊं नयेत.

आतां एक कडू गोष्ट सांगतों. शेत विकायचें तें मुलासाठीं; मुलीसाठीं कोणी एक गुंठाही मोजत नाहीं. माझ्या चोवीस वर्षांच्या नोकरींत मीं कितीतरी घरें पाहिलीं, कीं जेथें मुलगी पहिल्या पांचांत आणि मुलगा जेमतेम उत्तीर्ण. पण पैसा मुलावर ओतला व मुलीला “शिकून काय करायचें, चूलच फुंकायची” म्हणून घरीं बसविलें. हा नुसता अन्याय नव्हे, हा मूर्खपणाचा व्यवहार आहे. कारण २०२४-२५ पासून महाराष्ट्र सरकारनें ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या इतर मागासवर्गीय, मराठा व आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी शंभर टक्के माफ केली आहे. म्हणजे मुलगी इंजिनियर किंवा परिचारिका होऊं इच्छीत असेल, तर फीचा मोठा भार सरकार उचलतें. जेथें फी माफ आहे, तेथें आपण दार लावतों. जेथें फी लाखांची आहे, तेथें शेत विकतों. याला काय म्हणावें?

दुसरी कडू गोष्ट हळदीची. आमच्या आगरी-कुणबी गांवांतून हळदीची रात्र आतां लग्नाहून मोठी झाली आहे. मांडव, डी. जे., मटणाच्या पंगती, बाटल्या! घरोघर ईर्षा, कीं अमक्याच्या हळदीला इतके लोक जेवले, आपल्याकडे त्याहून अधिक जेवले पाहिजेत. सकाळीं उष्टीं पानें उचलतांना बाप कर्जदार झालेला असतो. ज्या घरानें एका रात्रींत लाख-दोन लाखांचा धूर केला, तेंच घर दोन वर्षांनीं मला सांगतें, “गुरुजी, कॉलेजला पैसा कोठून आणूं?” अनुदानित कॉलेजचीं तीन वर्षें, पुस्तकें, रेल्वेचा पास धरून, त्या एका रात्रींत बसलीं असतीं. कांहीं गांवांनीं हळदीचा खर्च आवरण्याचे ठराव अलीकडे केले आहेत. ते स्तुत्य आहेत. पण ठराव भिंतीवर व डी. जे. दारांत, असें होऊं नये.

आतां कोणी म्हणेल, कीं मास्तर, एवढें सांगितलेंत, पण मीं माझ्या पोराचें ठरवायचें कसें? तर पैसे भरण्यापूर्वी पांच प्रश्न विचारा. पहिला, हा वर्ग अनुदानित आहे कीं विनाअनुदानित, व पदवी कोणत्या विद्यापीठाची? दुसरा, पहिल्या वर्षाची नव्हे, साऱ्या वर्षांची मिळून फी किती, व त्यांत बस, खोली, पुस्तकें धरून एकंदर किती? तिसरा, या कॉलेजांतून गेल्या दोन वर्षांत आपल्या भागांतले कोण उत्तीर्ण झाले? फलक वाचूं नका, त्या मुलांच्या घरीं जा, त्यांच्या आईला विचारा पोरगा काय करतो. आई खोटें सांगत नाहीं. चौथा, पोर मधेंच थांबलें तर हातीं काय राहील? पांचवा व सर्वांत मोठा, पोराला स्वतःला हें शिकायचें आहे काय, व त्याला तें झेपेल काय? शेजाऱ्याचा पोर गेला म्हणून आपलाही घालायचा, हें मेंढरांचें गणित झालें.

या पांचव्या प्रश्नाशीं माझ्या धंद्याचा संबंध आहे, म्हणून आणखी थोडें लिहितों. कॉलेजांत जीं पोरें गटांगळ्या खातात, तीं कॉलेजांत बुडत नाहींत. तीं चौथीच्या भागाकारांत व सातवीच्या अपूर्णांकांत केव्हांच बुडालेलीं असतात. आम्हीं शिक्षकांनीं तें झांकलें, बापानें विचारलें नाहीं, व परीक्षेनें पुढें ढकललें. हा दोष आमचाही आहे आणि तो मी नाकारीत नाहीं. पण पालकांनींही एवढें करावें : पोर चौथींत असतां एक दिवस शाळेंत येऊन त्याच्याकडून एक भागाकार करवून घ्यावा व एक पान वाचवून घ्यावें. त्याला पैसा लागत नाहीं. आणि गांवची शाळा पटाअभावीं बंद करण्याची भाषा कोणी काढली, तर साऱ्या गांवानें उभें राहावें. जोतीरावांनीं १८८२ सालीं प्राथमिक शाळेसाठीं भांडण केलें तें उगीच नव्हे. पाया कच्चा ठेवून वर लाखाचा मजला चढविला, तर तो बापाच्याच अंगावर पडतो.

शेवटीं त्या शेतकऱ्याचें काय झालें तें सांगतों. दुसऱ्या दिवशीं मीं त्याच्या मुलाला ओट्यावर बसवून विचारलें, “तुला इंजिनियर व्हायचें आहे का?” तो बराच वेळ खालीं मान घालून बसला व म्हणाला, “माझा मित्र जातोय म्हणून बोललों. मला इलेक्ट्रिकचें काम आवडतं.” बापाला हें प्रथमच कळलें! चार दिवस आम्ही तिघे हिंडलों, दोन कॉलेजें व एक आय. टी. आय. पाहिलें. पोरगा आय. टी. आय. ला लागला, आणि पुढें डिप्लोमाला जाईन असें त्यानें बापाला वचन दिलें आहे. तो जाईल कीं नाहीं, मला ठाऊक नाहीं. एकदां पोळल्यावर मी भविष्य सांगण्याचें सोडलें आहे. पण चार गुंठे जागेवर आहेत व यंदा त्यांत भात झालें. त्या घरांत एक धाकटी मुलगी दहावींत आहे, भावाहून हुषार. तिला परिचारिका व्हायचें आहे. तिच्या दाखल्यांचे कागद मीं बापाला आतांपासूनच काढायला लावले आहेत.

आमच्या गांवांत आम्ही आणखी एक बोलणें सुरू केलें आहे. ज्याच्या घरीं हळद होईल, त्यानें डी. जे. चे पैसे वांचवून त्यांतला कांहीं भाग गांवच्या विद्यार्थी-फंडांत द्यावा. शिष्यवृत्ति येईतों ज्या पोराची फी अडते, त्याला त्यांतून उसने द्यावे व शिष्यवृत्ति आल्यावर परत घ्यावे. कर्मवीरांनीं रयतेच्या मूठमूठ धान्यावर मुलें शिकविलीं. आपल्याला एका रात्रीचा गोंगाट सोडायला काय जड आहे? आजवर फक्त दोन घरांनीं पैसे दिले आहेत. तिसरें घर कोणाचें, हें येत्या लग्नसराईंत कळेल. आपल्या गांवींही असें कांहीं करतां येईल काय, याचा वाचकांनीं विचार करावा व केल्यास या पत्रास कळवावें, अशी विनंती आहे.

— ठाणें जिल्ह्यांतील एक खेड्याचा शिक्षक